गुलाबी सुया

जागेश्वर गभणे आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आला ते १९७६ साल. पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत काम केलेला, डॉक्टरेट झालेला, परदेशी मासिकात नाव छापून आलेला माणूस इथं बी.एस्सी.च्या पोरांना क्षार ओळखायला शिकवायला का येतो, हे स्टाफरूममध्ये कुणालाच कळेना. मग कुणीतरी पुण्याहून बातमी आणली. गभण्यांनी खोटं संशोधन छापलं, चौकशी झाली, नोकरी गेली. झालं. त्या दिवसापासून तो आत आला की बोलणं थांबायचं आणि चहाचे कप वाजायला लागायचे.

मी मराठी शिकवत होतो. मला त्याच्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच तो माझ्याशी बोलायला लागला. राहायला जवाहरनगरला होता. त्याची बायको उषाबाई तिथल्या फॅक्टरीच्या दवाखान्यात सिस्टर होती आणि क्वार्टर तिच्या नावावर होतं. 'बायकोच्या क्वार्टरात राहतो' हे बोलणं त्याच्या कानावर येईल अशा बेतानं बोललं जायचं. तो ऐकून घेई आणि पोरांच्या परीक्षानळ्या मोजत बसे.

घडलं होतं ते असं.

जागेश्वर तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याचा. घरी धानाच्या बांध्या, गावाची बोडी म्हणजे तळं, आणि नदी ओलांडली की मध्य प्रदेश. आसपास मँगनीजच्या खाणी. त्यानं पुण्यात कामालाही मँगनीजच घेतलं. मँगनीजचा एक नवा क्षार तो बनवत होता. तो भाजला की जी काळी पूड राहते ती बॅटरीच्या सेलमध्ये वापरता येईल, अशी कल्पना होती. पण नुसता क्षार बनवून भागत नाही. त्याचे कण आतून कसे रचलेले आहेत ते बघावं लागतं. त्यासाठी त्याचा नीट वाढलेला एक स्फटिक घ्यायचा, काचेच्या तंतूच्या टोकावर चिकटवायचा, क्ष-किरणांसमोर फिरवायचा आणि फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून गणित मांडायचं. हेच त्याचं शास्त्र. महिनेच्या महिने त्यात जात.

१९७३च्या हिवाळ्यात त्याच्या एका भांड्यात फिकट गुलाबी सुया आल्या. केसासारख्या बारीक, सरळ, दोन्ही टोकांना तासलेल्या. त्यांचे क्ष-किरणांचे फोटो इश्वर हटवार नावाच्या त्याच्या ज्युनियरनं घेतले. इश्वर पवनीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, म्हणून जागेश्वरनंच त्याला हाताशी घेतलं होतं. दोघांनी मिळून गणित सोडवलं. सुईच्या आत कणांची रचना नळीसारखी पोकळ निघाली. बॅटरीसाठी याहून चांगलं काही नव्हतं. लेख परदेशी मासिकात छापून आला. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले.

मग जर्मनीच्या एका लॅबमधून विचारणा झाली की आम्ही तुमच्या कृतीनं करतो तर सुया येत नाहीत, चपटे स्फटिक येतात, तुम्ही आणखी काही करता का? जागेश्वरनं तोच प्रयोग पुन्हा केला. त्याच्याही भांड्यात चपटे स्फटिक आले. कपाळावर लावायच्या टिकलीसारखे, गोलसर, चमकते. रंग तोच, वजनाचं प्रमाण तेच, आतली रचना मात्र वेगळी, अगदी घट्ट, कुठं पोकळी नाही. त्यानं परत केला. परत टिकल्या. राखून ठेवलेल्या जुन्या सुया काढून पाहिल्या, तर बाटलीत त्यांचीही भुकटी झालेली, आणि भुकटी टिकल्यांची.

"मधुकरराव," मला सांगताना तो म्हणाला, "दुधात इरजन पडलं की दूध दूध राह्यते का? तसं झालं. त्या लॅबमंदी कुठून तरी टिकलीचा एक कण जन्मले आला. तो हवेत गेला, भांड्याले लागला, आमच्या कपड्याले लागला. आता कितीबी सुया करा म्हनलं, तो कण पडते अन् सगळं टिकल्याच होते. डोळ्याले दिसत नाही तो. पन हाय."

"मग हे त्यांना सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगितलं ना. हसले."

चौकशी समिती बसली. समितीतल्या लोकांना अदृश्य धुळीची गोष्ट पटली नाही. फिल्म तर खरी होती, ठिपके खरे होते. मग एकच शक्यता उरली, की फोटो दुसऱ्याच पदार्थाचा आहे. फोटो इश्वरनं घेतलेला. इश्वरची नोकरी अजून पक्की व्हायची होती, त्याचं लग्न नुकतं ठरलेलं. समितीसमोर बसलेल्या त्या पोराकडं जागेश्वरनं एकदा पाहिलं, आणि उठून सांगितलं, "स्फटिक मी निवडून दिला होता. बहुतेक चुकीच्या बाटलीतला दिला. हटवारांचा यात काही दोष नाही."

समितीला तेच हवं होतं. न झालेली चूक जागेश्वरच्या नावावर लागली. लेख मागं घेतला गेला. इश्वर कायम झाला आणि पुढं बदली घेऊन नागपूरला गेला. जागेश्वरच्या नोकरीची मुदत संपली ती कुणी वाढवली नाही.

"तुम्ही खोटं का बोललात?" मी विचारलं.

"त्याचं घर वाचलं ना," तो म्हणाला. "अन् मले वाटलं होतं, मी काय, मी पुन्हा सुया करून दाखवीन. वर्स-दोन वर्सात. मग सगळे गप होतील."

त्याच आशेवर तो भंडाऱ्यात राबत होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या मागं एक अडगळीची खोली होती, ती त्यानं मागून घेतली. भिंती चुन्यानं पोतल्या, फरशी घासली, स्वतःच्या पगारातून नवी काच आणली. वर्ग संपले की तो त्या खोलीत शिरायचा. फॅक्टरीत सुटी झालेल्या लोकांनी भरलेली बस जवाहरनगरहून भंडाऱ्याला पोचायची त्यानंतर कितीतरी वेळानं तो घरी जायचा. भांडी झाकून ठेवायची, द्रावण हळूहळू आटू द्यायचं, पंधरवड्यानं झाकण काढायचं. प्रत्येक वेळी टिकल्या. मी काही वेळा बरोबर होतो. झाकण काढून भिंगातून बघून झालं की तो भांडं खाली ठेवून माझ्याकडं न बघता म्हणे, "चला, चहा घेऊ."

दोन वर्षं गेली, चार गेली. त्याच्या मनानं एक गोष्ट पक्की धरली. टिकल्यांचा तो कण बाहेर कुठं नाही, आपल्याच अंगावर आहे. पुण्याहून आपणच तो केसांत, मिशांत, कपड्यांच्या शिवणीत घेऊन आलो. आपण जिथं जातो तिथली हवा नासते. हे वेड नव्हतं, त्याच्या शास्त्रात अशा गोष्टी घडलेल्या आहेत, असं तो मला पुराव्यानिशी सांगे. मला ते खरं वाटे. पण खऱ्या गोष्टीनंसुद्धा माणूस खंगत जातो, ते मी डोळ्यांनी बघत होतो.

एकदा उषाबाईंनी मला जवाहरनगरला बोलावून घेतलं. जागेश्वर घरात नव्हता. त्यांची मुलगी शकू तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल, दारात एकटीच खेळत होती.

"तुमी त्याईले सांगा जी," उषाबाई म्हणाल्या. "तुमचं आयकतात. पोरीले हात नाही लावत. ती जवळ गेली का मांगं सरकतात. म्हनतात, माह्या आंगावरची धूळ तिच्या आंगावर जाईन, तिच्या आंगावरून पुन्हा माह्यावर येईन. त्याईचं ताट वेगळं, चादर वेगळी. मी दवाखान्यात टीबीचे पेशंट पाह्यते, त्याईच्या घरचेबी असे नाही वागत."

मी सांगायचं कबूल केलं. बसस्टॉपवर जागेश्वर भेटला तेव्हा सांगितलंही. त्यानं आलेली बस जाऊ दिली. मग म्हणाला, "एकदा सुया आल्या का मंग पोरीले उचलून घेईन. तोवर नोको म्हना मले काही."

१९८२च्या उन्हाळ्यात त्यानं ठरवलं, की जिथं हा क्षार कधीच कुणी बनवला नाही अशा जागी जायचं. बपेऱ्याला तो पुण्यानंतर फारसा गेला नव्हता. गेला तरी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्यानं नागपूरहून कोरी काच, कोरी रसायनं मागवली आणि खोकी न उघडता थेट गावी पाठवली. मग तुमसरला उतरून न्हाव्याकडं गेला. डोक्याचे केस, मिशा, भुवयासुद्धा काढायला सांगितल्या. न्हाव्यानं भुवया काढायला नकार दिला, तेव्हा स्वतःच्या हातानं त्या काढल्या. तिथंच नळावर आंघोळ केली, जुने कपडे स्टँडवरच्या एका भिकाऱ्याला दिले आणि दुकानातून आणलेलं नवं धोतर-बंडी घालून बपेऱ्याच्या बसमध्ये बसला.

आई सत्यभामाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. वडील देवाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, ती एकटीच राही. फाटकातून मुंडण केलेला, बिनमिशांचा, कोऱ्या धोतरातला मुलगा आत येताना तिनं पाहिला आणि सूप हातातून सुटलं.

"कोन गेलं रे बापू?" ती ओरडली. "सूनबाई गेली का? पोट्टी गेली का? सांग ना रे!"

"कोनी नाही गेलं, माय."

"मंग हे बोडकं कायले केलं? मी जित्ती हावो ना रे! मी जित्ती असून तू..." आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. आवाजानं शेजारपाजारच्या बाया धावत आल्या. काही जणींनी तर रडायला सुरुवातही केली. कुणी गेलेलं नाही हे त्यांना पटेपर्यंत दुपार उलटली. पटल्यावर त्या जास्त घाबरल्या. शिकलेला पोरगा डोक्यानं गेला, असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं.

जागेश्वरनं आईला समोर बसवलं आणि विरजणाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली. मग म्हणाली, "एवढंच होय? मंग मांगचं घर घे. धान हाय त्यात, हलवून टाकू. कोनी नाही जात तिकडं." त्याच्या साऱ्या आयुष्यात त्या धुळीवर पहिल्या दमात विश्वास ठेवणारं माणूस तेच. असं तो मला सांगत होता.

धानाची पोती हलवली, मागच्या खोलीची जमीन शेणानं सारवली. आईनं सारवलेली जमीन वाळेपर्यंत त्यानं आत पाऊल टाकलं नाही. भांडी लावली. मग तो आईसोबत ओसरीवर राहिला. त्या खोलीकडं बघायचं नाही असं ठरवून बोडीवर जाऊन बसे, गुरांना पाणी दाखवे, आणि मुंडक्याला ऊन लागू नये म्हणून दुपट्टा बांधून फिरे. गावातली माणसं वाट सोडून चालत.

एका सकाळी त्यानं झाकण काढलं. पाणी स्वच्छ होतं, आणि तळाशी गुलाबी सुया होत्या. भिंग लावलं तर दोन्ही टोकांना तासलेल्या. तशाच, पुण्याच्या.

तो भांड्याशीच बसून राहिला. आई चुलीशी होती, ती स्वतःच उठून आली. उंबऱ्याबाहेरूनच तिनं वाकून पाहिलं. तिला आत यायला त्यानं कधी मना केलं नव्हतं, तीच येत नव्हती.

"ह्याच का रे त्या?"

"ह्याच, माय."

"मंग रडते कायले?"

सुयांना हवा मानवत नाही, म्हणून त्यानं त्या त्यांच्याच द्रावणात एका काचेच्या नळीत घेतल्या, तोंड मेणानं बंद केलं, आणि नळी कापसात गुंडाळून पहिल्या बसनं नागपूरला निघाला. इश्वर तिथंच होता आणि क्ष-किरणांचं यंत्र त्याच्या ताब्यात होतं. एक फोटो निघाला की पुरे. फक्त एक.

सिहोरा गेलं. तुमसरला बस बदलताना त्यानं नळी उजेडात धरून पाहिली. सुया होत्या. उन्हाळ्याचे दिवस, लग्नसराई, बसमध्ये उभं राहायला जागा नाही. एका बाईनं सरकून त्याला टेकायपुरती जागा दिली आणि हातातल्या नळीकडं बघून विचारलं, "दवाई हाय का जी? घरचं कोनी बिमार हाय?" त्यानं मान हलवली. भंडाऱ्याच्या अलीकडं त्यानं पुन्हा पाहिलं. एका सुईचं टोक दुधाळ झालं होतं.

सुईची टिकली व्हायला लागली होती, हे त्याला कळलं. बाकी कुणाला कळलं नसतं. तो नळीवर डोळे लावून बसला. दुधाळपणा टोकाकडून मधल्या भागाकडं सरकत होता. मग शेजारच्या सुईलाही लागला. गार ठेवली तर हे थांबेल म्हणून त्यानं नळी पाण्याच्या बाटलीला चिकटवून धरली, पाणी तापलेलंच होतं. जवाहरनगरचा स्टॉप आला. तिथं उतरून फॅक्टरीच्या दवाखान्यात उषाबाईंकडून बर्फ मिळाला असता. पण त्या क्वार्टरची, त्या घराची हवा त्यानं मनात इतकी नासकी धरली होती की पाय उचलेना. बस सुटली. पुढं मौद्याच्या आसपास सुया मोडायला लागल्या. "मधुकरराव," तो म्हणाला, "पोटचं मूल मांडीवर मरते ना, तसं पाहून राहिलो होतो मी. अन् बसमंदी लोक लग्नाच्या गोष्टी करून राहिले होते."

नागपूरला इश्वरनं त्याला ओळखलंच नाही. बिनभुवयांचा, धोतरातला माणूस दारात. ओळखल्यावर आत घेतलं, दार लावलं. नळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. इश्वर बघत राहिला आणि मग बाजूला झाला.

"टिकल्या हायत, सर."

"तुमसरपर्यंत सुया होत्या, इश्वर. बपेऱ्याले सुया होत्या. मायनं पाह्यल्या."

"होत्या असतीन."

"असतीन नाही! तू पुण्याले स्वता पाह्यल्या. फोटो तू घेतला. तुले माहीत हाय ना?"

इश्वर खाली बघत होता. "मले माहीत हाय, सर. मी रोज त्याच्याच भेवात जगतो. आता हे उकरलं तर लोक विचारतीन, तवा तुमी चूक कबूल केली ती कायची होती? अन् मी तवा चूप काहून बसलो? मले दोन लेकरं हायत."

"मी तुले काही मांगत नाही."

"तुमी मांगत नाही म्हनूनच तं..." इश्वरनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. त्यानं जेवायचा आग्रह केला. जागेश्वर न जेवता निघाला.

त्यानंतरची तीन वर्षं मला सांगायला नकोशी वाटतात. तो बपेऱ्याला परत गेला, पण आता त्या खोलीतही टिकल्याच येऊ लागल्या. आपणच जाऊन-येऊन ती जागा नासवली असं त्यानं धरलं. मग दुसरं गाव शोधलं. मावसभाऊ, मेहुणा, जुना वर्गमित्र, ज्याच्या घरात रिकामी खोली असेल त्याच्या दारात तो मुंडण करून, कोरे कपडे घालून उभा राही. कुठं महिनाभर चाले, कुठं आठवड्यात बाहेर काढत. कॉलेजातली रजा संपली, बिनपगारी झाली. प्राचार्यांनी दोनदा समज दिली. उषाबाईंच्या पगारावर घर चाललं होतं, आणि त्या कुणाजवळ काही बोलायच्या बंद झाल्या होत्या.

शेवटी तो पवनीला बहिणीकडं, देवकाबाईकडं गेला. तिचा नवरा सोमाजी तापट, पण आधी त्यानं माडीवरची खोली दिली. जागेश्वरनं खोलीला बाहेरून कडी घातली आणि सांगितलं, इकडं कुणी फिरकायचं नाही. देवकाबाईची सासू आजारी पडली, तेव्हा तिला हवेशीर म्हणून वर न्यायचं ठरलं. जागेश्वर दारात आडवा झाला.

"दोन दिवस थांबा, भाटवे. दोन दिवस! आता आटत आलं हाय."

"माही माय खाली उकडून मरून राहिली अन् तू पाण्याचे भांडे राखून राहिला?" सोमाजीनं त्याला ढकललं, आत शिरला आणि एकेक भांडं खिडकीतून अंगणात फेकलं.

मला ही गोष्ट देवकाबाईंनी सांगितली. भाऊ जिना उतरून अंगणात गेला आणि फुटक्या काचा बोटांनी उचलू लागला. त्याला काचा नको होत्या, काचांवर काय चिकटलंय ते बघायचं होतं. बोटं कापली, रक्त लागून काच लाल झाली, तरी तो प्रत्येक तुकडा उन्हात धरून बघत होता. "दिसत नाही," म्हणत होता, "रगतानं दिसत नाही." देवकाबाईंनी ओढायचा प्रयत्न केला तर त्यांना हिसडा दिला. सोमाजीच घाबरला आणि त्यानंच जवाहरनगरला फोन लावून निरोप दिला.

उषाबाई आल्या. त्यांनी अंगणातच त्याच्यासमोर बसून त्याचे हात धुतले, चिमट्यानं काचा काढल्या, पट्ट्या बांधल्या. काहीच विचारलं नाही. पट्टी बांधून झाल्यावर फक्त म्हणाल्या, "आता मी नाही करू शकत. शकूले घेऊन मी माह्या भावाकडं चालली जाईन. हे मी रागानं नाही म्हनून राहिली."

तो त्यांच्याबरोबर घरी आला. पुढं अनेक महिने बोललाच नाही. अन्न समोर ठेवलं तर खाई, नाही ठेवलं तर मागत नसे. उषाबाईंनी घरातल्या साऱ्या औषधांना कुलूप लावलं होतं आणि ड्यूटीवर जाताना शेजारणीला बसवून जात. मी गेलो की तो खिडकीशी बसलेला असे. मी कॉलेजातलं काहीबाही सांगे. एकदा त्यानं मध्येच विचारलं, "मधुकरराव, मी खरंच चुकीची बाटली तं नसन दिली ना?"

मी म्हणालो, "नाही."

"तुमाले कसं माहीत?"

 

पुढच्या जूनमध्ये तो कॉलेजात परत आला. प्राचार्यांनी घेतलं, कारण क्षार ओळखायला शिकवणारा दुसरा माणूस मिळत नव्हता. मागच्या खोलीला त्यानं स्वतःच कुलूप लावलं आणि किल्ली ऑफिसात देऊन टाकली. डोक्यावर केस परत आले, ते पांढरे.

१९८७च्या पावसाळ्यात इश्वर हटवार कॉलेजच्या फाटकाशी उभा दिसला. हातात मासिकाची प्रत होती. जपानमधल्या एका लॅबला सुया मिळाल्या होत्या. त्यांनी फोटो काढले होते, रचना दिली होती, आणि ती आकड्यानिशी या दोघांच्या रचनेशी जुळत होती. लेखात एक वाक्य होतं, की पूर्वी पुण्याहून असाच स्फटिक कळवला गेला होता, तो नंतर मागं घेण्यात आला, परंतु मूळ निष्कर्ष बरोबर होता असं दिसतं.

इश्वर रडत होता. जागेश्वर स्टाफरूमच्या पायरीवर बसला आणि त्यानं लेख वाचला. पहिल्यांदा ते वाक्यही वाचलं नाही, कृती वाचली. दोनदा वाचली. मग मान वर केली.

"इश्वर, यांनी काय वेगळं केलं?"

"काही नाही, सर. आपलीच कृती हाय."

"काहीच वेगळं नाही?"

"नाही."

"मंग मलेच काहून नाही आल्या?" त्यानं विचारलं. ते इश्वरला विचारलेलं नव्हतं. आवाज इतका मोठा झाला की वर्गातली पोरं दारात आली. "मी काय चुकलो ते तरी लिवा ना कुठं! वेगळं काही असतं तं म्हनलो असतो का मले नाही सुचलं. हे तं तेच हाय!"

मला वाटलं होतं, ही बातमी त्याला सुटका देईल. तिनं उरलंसुरलंही नेलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की कुठंतरी एक कारण आहे, ते सापडलं की झालं. कारण नव्हतंच. जपानमध्ये त्या दिवशी धूळ नव्हती, एवढंच.

इश्वरनं मात्र यावेळी माघार घेतली नाही. नागपूरच्या एका परिषदेत त्यानं उभं राहून सांगितलं, की फोटो मी घेतला होता, स्फटिक बरोबर होता, गभणे सरांनी मला वाचवायला चूक अंगावर घेतली. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी त्याला काही विचारलं नाही, ना त्याची नोकरी गेली. ज्या भीतीत तो इतकी वर्षं जगला ती कुणाच्या ध्यानातही राहिली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात जागेश्वरला नागपूरला व्याख्यानाला बोलावलं गेलं. तो नको म्हणत होता. उषाबाईंनी त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला. मी सोबत गेलो. हॉल बऱ्यापैकी भरला होता. सुरुवातीला तो चांगलं बोलला, सुयांबद्दल, पोकळ रचनेबद्दल. मग एका तरुण मुलीनं प्रश्न विचारला, नव्या कुठल्याशा पद्धतीबद्दल, संगणकावर आता गणित कसं करतात त्याबद्दल. प्रश्न आदरानं विचारलेला होता. जागेश्वर खडू हातात धरून उभा राहिला. गेल्या कित्येक वर्षांत त्यानं एकही नवा लेख वाचला नव्हता.

"हे मला माहीत नाही," तो म्हणाला. नंतर आणखी एक प्रश्न आला. तेव्हाही तो तेच म्हणाला. मग खडू ठेवला, "माफ करा," म्हणाला, आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसला. टाळ्या झाल्या, बराच वेळ झाल्या. त्या कशासाठी होत्या ते आम्हा दोघांनाही कळलं.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडं तोंड करून होता. मौद्याला गाडी थांबली तेव्हा मी प्लॅस्टिकच्या कपात चहा घेऊन आलो. त्यानं कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

"मले प्रश्न विचारला ती पोरगी," तो म्हणाला, "चांगली होती. तिले सांगता याले पाहिजे होतं मले."

"पुढच्या वेळी सांगा."

"पुढची वेळ नाही, मधुकरराव. त्याचं वय गेलं."

ठाणा पेट्रोलपंपाचा स्टॉप आला. तिथून जवाहरनगरला आत जायचं. उषाबाई ड्यूटी संपवून तिथंच उभ्या होत्या, पांढऱ्या साडीवर स्वेटर घातलेला. तो उतरला. मी खिडकीतून बघत होतो.

"झालं का चांगलं?" त्यांनी विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

त्यांनी त्याच्या हातातला थंड झालेला चहाचा कप घेतला, ओतून टाकला, आणि दोघं क्वार्टरच्या रस्त्याला लागले.